हा टोपलीत, तो पाण्यात

गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर आल्यापासून टोपलीत पडेपर्यंत किंवा पाण्यात परत जाईपर्यंत जो वेळ जातो, तो माशाच्या हिशेबाने फार मोठा आणि माणसाच्या हिशेबाने फार छोटा असतो. तेवढ्या वेळात माशाचा श्वास कोंडतो आणि माणसाची अक्कल. जाळेवाल्याला हा पेच पडत नाही. त्याच्याकडे मासे घाऊक येतात आणि निवड करायची वेळ येते तेव्हा निवडण्याजोगे फारसे कोणी जिवंत उरलेले नसते. गळावर मात्र मासा एकेकटा येतो, जिवंत येतो आणि थेट डोळ्यांत बघतो. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे आधी नजर वळवावी लागते ती माणसालाच.

गळाने मासे धरण्याला कोकणात गरवणे म्हणतात. काठी, तंगूस, शिसे, गरी आणि गरीला लावलेले गांडूळ किंवा कोळंबी एवढ्या सामानावर हा व्यवहार चालतो. धरलेला मासा ठेवावा की सोडावा हे ठरवायला मात्र या सामानातले काहीच उपयोगी पडत नाही. त्यासाठी तीन वेगळ्या पट्ट्या लागतात. कायद्याची पट्टी मिलिमीटर मोजते, जीवशास्त्राची पट्टी वय आणि लिंग बघते, आणि स्वयंपाकघराची पट्टी तुकड्या मोजते. एकाच माशाला तिन्ही पट्ट्या लावल्या, तर तीन निरनिराळे मासे मोजल्यासारखे वाटते.

या तिन्हींच्या आधी एक प्रश्न येतो: मासा कोणाचा? महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांत आणि मोठ्या तलावांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी पैसे मोजून मत्स्यबीज सोडलेले असते. ज्याला मराठी मत्स्यखाते बोटुकली असे गोड नाव देते, ती बोटाएवढी पिल्ले मोठी होऊन संस्थेला पैसे मिळवून देतील अशी अपेक्षा असते. रविवारी टोपी घालून येणाऱ्या हौशी माणसाचा त्या हिशेबात उल्लेख नसतो. म्हणून परवाना आधी, गळ मागून. विनापरवाना गरवणाऱ्याने रखवालदार दिसताच मासा सोडून दिला, तर त्याला भूतदया म्हणत नाहीत. त्याला पुरावा नष्ट करणे म्हणतात.

काही पाण्यांत मासा संस्थेचाही नसतो, देवाचा असतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महाशीर वरदायिनी देवीचे. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे आहे, तिथले महाशीर शंकराचे. या डोहांत माणसाने माशाला धरायचे नसते, चारायचे असते. ठेवावा की सोडावा हा वाद तिथे पिढ्यांपूर्वी मिटलेला आहे. त्या काळी मत्स्यखाते नव्हते, देवीचा कोप होता. आणि कोपाची अंमलबजावणी खात्यापेक्षा चोख असते, कारण त्याला पंचनामा लागत नाही.

महाशिराची गोष्ट थोडी लांबवण्याजोगी आहे. दख्खनच्या महाशिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि त्यासाठीचा मासा त्याला मिळाला तो पुण्याच्या मुळा-मुठेत. आज त्याच पाण्यात गळ टाकला तर काय लागेल, याची चर्चा जेवणाआधी करू नये. रोहू-कटल्याच्या माद्या किलोमागे लाखाच्या हिशेबात अंडी घालतात. महाशिराची मादी हजारांवर थांबते. त्यामुळे एक मोठा महाशीर टोपलीत गेला तर नदीच्या वहीत तो बराच काळ तोटा म्हणून राहतो. महाशीर लागला तर सोडावा, यावर गरवणारे आणि शास्त्रज्ञ यांचे एकमत आहे. गरवणाऱ्यांचे एकमेकांत आमिषावरूनही एकमत होत नाही, हे लक्षात घेता ही मोठी गोष्ट आहे.

मात्र सोडण्याच्या पुण्यालाही पत्ता लागतो. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकात महाशिराचे बीज तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि तिथली पिल्ले देशभरच्या पाण्यांत गेली. त्यांतली काही कावेरीत गेली. कावेरीत आधीच एक स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. १९४६ साली काबिनीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला होता, म्हणजे सुमारे ५४ किलोचा. कावेरीकाठचे हौशी गरवणारे वर्षानुवर्षे महाशीर धरून, तोलून, फोटो काढून सोडत राहिले, आणि पाण्याखाली लोणावळ्याचा पाहुणा घरमालक होत गेला. मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख नीट पटली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव मिळाले आणि निरोपाची वेळ आली असे सरकारदरबारी माणसांचेही होते. मासे त्याला अपवाद नाहीत.

आता कायद्याची पट्टी. केरळने २०१५ मध्ये माशांची किमान लांबी ठरवायला सुरुवात केली: तारली १० सेंटिमीटर, बांगडा १४. त्याहून लहान असेल तर धरू नये. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे आकडे जाहीर केले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला, म्हणजे त्याचा सन्मान आणि त्याची मोजणी एकाच वर्षी सुरू झाली. या आकड्यांमागचा विचार साधा आहे. माशाने निदान एकदा तरी प्रपंच केलेला असावा. नंतर त्याचे कालवण करायला हरकत नाही. माणसांच्या बाबतीत हा क्रम असाच असल्याची तक्रार अनेक गृहस्थ करतात.

गरवणाऱ्याला हे नियम पाळणे एका अर्थी फार सोपे जाते. पापलेट आणि बोंबील गळाला सहसा लागतच नाहीत. ते जाळ्याचे मासे. त्यामुळे लहान पापलेट न धरण्याचे व्रत कोकणातला प्रत्येक गरवणारा जन्मभर निष्ठेने पाळतो. अडचण येते ती खाडीच्या तोंडाशी लागणाऱ्या वीतभर सुरमईची. मोजायचे असते तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मासा सपाट ठेवून. प्रत्यक्षात मोजणी वितीने होते. वीत म्हणजे अदमासे नऊ इंच, पण ती कोणाची यावर ठरते. मासा ठेवायचा असला की बोटे आखडतात आणि लहान मासाही दीड वीत भरतो. हाच मासा संध्याकाळी पारावर सांगताना हाताने मोजला जातो, आणि तेव्हा कोपरापासून पुढची जागा अपुरी पडते.

स्वयंपाकघराच्या पट्टीवर खुणा चारच: तळायचा, कालवणाचा, सुक्याचा आणि मांजराचा. तळायच्या माशाच्या तुकड्या पडल्या पाहिजेत आणि त्या घरातल्या डोक्यांना पुरल्या पाहिजेत. पाच माणसांच्या घरात चार तुकड्यांचा मासा आणणारा मासा आणत नाही, भांडण आणतो. कालवणाला डोके-शेपूटही चालते, उलट डोक्याशिवाय कालवणाला चव नाही असे मानणारी घरे आहेत. सुक्याला बोटभर मासे चालतात, पण ते वाटाभर लागतात; चारच मिळाले तर साफ करणारीचा वेळ फुकट जातो आणि ती तसे बोलून दाखवते. राहिली मांजराची श्रेणी. कायद्याने जे सोडायला सांगितले, आणि स्वयंपाकघराने जे साफ करायला नकार दिला, ते सर्व या श्रेणीत येते. जेट्टीवर बसलेले मांजर कोणतीच पट्टी वापरत नाही. मत्स्यसंवर्धनाची बरीच धोरणे त्याच्या तोंडापाशी येऊन थांबतात.

या पट्टीला जोडून वारांचे कोष्टक असते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण या दिवशी घरात मासा चालत नाही, पण पाण्यावर जायला चालते. म्हणून गुरुवारी लागलेल्या माशाला जगण्याची संधी बुधवारच्या माशापेक्षा कितीतरी अधिक असते. गुरुवारी सोडलेल्या माशाबद्दल गरवणारा निसर्गरक्षणाची भाषा वापरतो. शुक्रवारी तो त्याच ठिकाणी, तेच आमिष घेऊन, अंधार असतानाच हजर असतो. श्रावण पाळण्यामागे माशांच्या विणीचे शास्त्र आहे, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. समुद्रापुरते त्यात तथ्य थोडे आहे, पण खरी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि श्रावण येतो तेव्हा ती बहुधा उठत आलेली किंवा उठलेली असते. नदीनाल्यांचे तर उलटेच आहे. तिथला विणीचा हंगाम पहिल्या मोठ्या पावसाला सुरू होतो, आणि तेव्हा असतो ज्येष्ठ-आषाढ. शास्त्र पाळायचे असते तर श्रावणाआधी महिनाभर टोपल्या पालथ्या ठेवाव्या लागल्या असत्या.

त्या महिनाभरात काय होते ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. त्याला वलगण म्हणतात. पहिला पाऊस पडतो, ओढे लाल होतात, आणि अंड्यांनी फुगलेले मासे उथळ पाण्याकडे, शेतांकडे चढू लागतात. माशांमागे माणसेही चढतात. कंदील, बॅटरी, घमेली, जे हाताला लागेल ते घेऊन. गळाची तर गरजही उरत नाही. चढणीच्या माशाची खरी किंमत त्याच्या पोटातल्या गाभोळीत असते. गाभोळी तव्यावर परतली की घर जमते. जीवशास्त्र म्हणते, एका माशात हजारो मासे असतात, म्हणून तो सोडावा. खवय्या म्हणतो, एका माशात हजारो मासे असतात, म्हणूनच तो ठेवावा. वाक्याचा पूर्वार्ध इतका एकसारखा असताना उत्तरार्धावर तोड निघणे कठीण आहे. निकाल मात्र द्यायलाच हवा: वाहत्या ओढ्या-नदीतला गाभोळीचा मासा सोडावा. बाजारात गाभोळी वर्षभर कुठल्या ना कुठल्या माशाची मिळते.

तळ्यातल्या कटल्याला हा नियम लागू नाही, आणि इथे सज्जन माणसांची हमखास फसगत होते. कटला, रोहू आणि मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यात विणणारे मासे. बंदिस्त तळ्यात त्यांच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडत नाहीत; शेवटी शरीरातच जिरून जातात. तळ्यांना बीज मिळते ते बीजकेंद्रांतून. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात मस्तिष्कग्रंथीच्या अर्काची सुई टोचून या माशांचे प्रजनन करून दाखवले, तेव्हापासून ही सोय आहे. हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हा गावतळ्यातली गाभोळीची कटली भरल्या डोळ्यांनी पाण्यात सोडणाऱ्याने तिच्या वंशवेलीवर कसलेही उपकार केलेले नसतात. परवाना असेल तर ती ठेवावी, आणि डोळे दुसऱ्या कामासाठी राखावेत.

लांबीची पट्टी खालच्या बाजूने उपयोगी आहे. वरच्या बाजूने तिच्यात एक भोक आहे. लहान मासा सोडा, मोठा ठेवा, एवढ्याने काम भागत नाही हे जिताडा शिकवतो. रायगडच्या खारेपाटात जिताड्याला जो मान आहे, तो जावयालाही जिताड्यामुळेच मिळतो. गोव्यात त्याला चणक म्हणतात. हा मासा तरुणपणी नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, साधारण सहा-आठ वर्षांचा होता होता, तो मादी होतो आणि पुढे मादीच राहतो. म्हणजे खाडीतला जो थोर, रुबाबदार, मिशीला पीळ देऊन दाखवण्यासारखा जिताडा, तो पुरुष नसून खाडीची आजी असते. व्याह्यांकडे पाठवण्यासाठी सगळ्यांत मोठा निवडायचा म्हटले की दर वेळी आजीच रवाना होते, आणि खाडीत राहते ती तरुण नरांची वसतिगृहे.

गोब्रा याच्या उलट वागतो. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. मोठे गोब्रे सगळे उचलले तर खडपात माद्याच माद्या उरतात आणि वर नाही. महाकाय गोब्र्याला तर वन्यजीव कायद्याचेच संरक्षण आहे. त्याला धरून घरी नेणाऱ्याला कालवणाऐवजी कोर्ट वाढून येते. तेव्हा दोन्ही जातींसाठी शहाणपणाची रीत एकच: फार लहान सोडावा, फार मोठाही सोडावा, मधला ठेवावा. जगात अनेक ठिकाणी अशी दुहेरी मर्यादा कायद्याने घातलेली आहे. ती पाळणे इतके अवघड का, याचे कारण मासेमारीत नाही, माणसात आहे. खायला मधलाच मासा चांगला लागतो; त्याचे मांस कोवळे असते आणि तो तव्यात मावतो. मोठा मासा खाण्यासाठी ठेवलाच जात नाही. तो दाखवण्यासाठी ठेवला जातो, आणि दाखवून झाल्यावर करायचे काय म्हणून खाल्ला जातो.

काही मासे वयावरून नव्हे, तर घरच्या जबाबदारीवरून सोडावे लागतात. पावसाळ्यात मरळीची पिल्ले तांबूस-केशरी रंगाच्या घोळक्याने पाण्याच्या पृष्ठभागावर फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. त्या घोळक्यात गळ टाकला की मरळ हमखास चावते. भुकेने नव्हे, रागाने. हा नेम अनेकांना ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण राखणदार उचलला की घोळका तासाभरात इतरांच्या पोटात जातो. अशी मरळ सोडावी. मरळीचा एक मोठेपणा असा की ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते आणि टोपलीतही बराच वेळ जिवंत राहते. गरवणाऱ्याला पश्चात्तापासाठी इतकी भरघोस मुदत देणारा दुसरा मासा नाही.

शिंगाळ्याचा बाप तर त्याहून थोर. त्याच्या मादीने घातलेली गोट्यांएवढी अंडी तो तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात काही खात नाही. त्यामुळे कर्तव्यावर असलेला शिंगाळा गळाला लागतच नाही. जो लागतो तो रजेवरचा. त्याला ठेवायला हरकत नाही, फक्त त्याच्या काट्यांपासून बोटे वाचवावीत.

चिलापीही तोंडातच पिल्ले सांभाळते, मात्र तिथे हे काम आईकडे आहे. म्हणून तिची कीव येऊन तिला सोडण्याचा मोह होतो, आणि तो आवरायचा आहे. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली, आणि आणणाऱ्यांची अपेक्षा तिने शंभरपटीने पूर्ण केली. उजनीच्या पाण्यात आज गळ टाकला तर बहुधा तीच वर येते, आणि भिगवणच्या खाणावळींत तव्यावर जाते. देशी माशांची जागा तिने खाल्ली असल्यामुळे तिला खाणे हे निसर्गकार्य आहे. लहान असो, मोठी असो, गाभोळीची असो, वार कोणताही असो, चिलापी परत सोडू नये. एरवी दयाळू नसलेले गरवणारे दया दाखवायला नेमकी चिलापीच निवडतात, कारण तिला काटे फार आणि तुकड्या लहान. आणि वर ओढताना ती तोंडातली पिल्ले पाण्यात थुंकून मोकळी होते. म्हणजे आई टोपलीत गेली तरी प्रकरण पाण्यात चालूच राहते.

परदेशी थाई मांगूर पाळण्यावर केंद्राने २००० साली बंदी घातली. तो लागला तर पाण्यात परत जाता कामा नये. सकर मासाही तसाच. घरातल्या काचेच्या टाकीत शेवाळ खायला आणलेला, टाकीत मावेना झाल्यावर कोणीतरी ‘बिचारा’ म्हणत नदीत सोडलेला. अंगावर चिलखत, आत मांस बेताचेच. त्याला तळणारे घर नाही, कालवण करणारे घर नाही, आणि मांजर त्याच्याकडे एकदा बघून दुसऱ्या गरवणाऱ्याकडे जाते. तरीही तो सोडायचा नाही. तो खड्ड्यात पुरावा.

काही मासे मात्र ठेवण्याचा प्रश्नच नसतो. केंड बाहेर काढताच चेंडूसारखा फुगतो. तो विषारी असतो आणि तो स्वतःच तसे जाहीर करतो. पाकट शेपटीचा काटा फिरवते तेव्हा तिला सोडण्यात दया नसते, घाई असते.

यावर एक मूलभूत आक्षेप आहे. मासा सोडायचाच होता तर धरला कशाला? सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरणे स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांना मान्य नाही. जर्मनीतही योग्य कारणाशिवाय प्राण्याला यातना देणे गुन्हा असल्यामुळे निव्वळ मौजेसाठी धरून सोडणारा अडचणीत येऊ शकतो. इंग्लंड-अमेरिकेत उलट सोडणारा तो सभ्य समजला जातो. या युरोपीय वादात मालवणी आजीने कधीच निकाल दिलेला आहे: ‘खावचो नाय तर धरलंस कित्याक?’ स्विस कायदेपंडितांना जे सांगायला कलमे लागली, ते तिने माशावर मीठ चोळता चोळता सांगितले. तिचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. दिवसभर वीस मासे धरून वीसही सोडणाऱ्याने वीस माशांना वीस वेळा छळलेले असते. पण गरीला चावणारा मासा ओळखपत्र दाखवून चावत नाही, त्यामुळे काही सोडावेच लागणार. जेवणापुरते ठेवून झाले की गळ गुंडाळावा, एवढी तिच्या म्हणण्यातली शिकवण घेण्यासारखी आहे.

सोडण्याचीही रीत असते. हात ओले करून मासा धरावा, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कातडे, कपडे आणि औषध. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की तो निघतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. पोट दाबू नये. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवला तर ती सहज निघते. खोल गिळलेली गरी ओढू नये, तंगूस तोंडाजवळ कापावा. गरी दहा रुपयांचीही नसते, पण ती सोडवण्यासाठी माशाची आतडी बाहेर काढणारे काटकसरी लोक पाहायला मिळतात. मासा पाण्यात फेकू नये. वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरावा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबावे. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या गोब्र्याची हवेची पिशवी फुगते आणि तो सोडला तरी उलटा तरंगत राहतो. तिथे एक-दोन मासे मिळाल्यावर जागा बदलणे हेच खरे.

फोटोचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. सोडलेल्या माशाला साक्षीदार नसतो, म्हणून फोटो हवा. फोटोसाठी मासा उचलावा लागतो, हसावे लागते, मोबाइलची स्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही, मग मित्राला हाक मारावी लागते, मित्र म्हणतो जरा इकडे वळव, ऊन मागून येतंय. माशाला इतका वेळ बाहेर ठेवणे म्हणजे धावून आलेल्या माणसाचे नाक दाबून त्याला पासपोर्टच्या रांगेत उभे करणे. गरवणाऱ्याने एक श्वास रोखून धरावा; तो सोडावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला असावा.

सर्वांत वाईट रीत बादलीची. काही जण निर्णय पुढे ढकलतात. लागेल तो मासा बादलीत टाकतात आणि संध्याकाळी चांगले निवडून उरलेले ‘सोडतात’. तोवर बादलीतले पाणी कोमट होऊन त्यातला प्राणवायू संपलेला असतो. सोडलेले मासे पांढरे पोट वर करून ओहोटीबरोबर निघून जातात, आणि घारीला त्यांचा पत्ता गरवणारा घरी पोचण्याआधी लागतो. निर्णय गरी काढतानाच घ्यावा.

त्यासाठी पट्टी हाताशी हवी. शिंप्याची कापडी टेप भिजली की ताणते आणि मासा लहान दिसतो. लोखंडी टेप खाऱ्या पाण्याने महिनाभरात गंजून अडकते. काठीच्या मुठीपासून मोजून नेलपॉलिशने दोन खुणा कराव्यात: बांगड्यासाठी १४ सेंटिमीटरवर, सुरमईसाठी ३७ वर. जिताड्यासाठी वरच्या मर्यादेची एक खूण करून ठेवावी, आणि ती करताना व्याह्यांना आठवू नये. नेलपॉलिश खाऱ्या पाण्याने लवकर जात नाही. ते घरातून विचारून घ्यावे.